सायकलला बसवलेली मोटर नेमका किती आवाज करते?

साध्या सायकलला मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज सांभाळणारी पेटी) जोडून ती विजेवर चालवण्याचे संच आता अनेक प्रकारचे मिळतात, आणि ते निवडताना ताकद, पल्ला आणि वजन यांची चौकशी बारकाईने केली जाते. आवाजाबद्दल मात्र माहितीपत्रकात ‘शांत’ किंवा ‘अत्यंत शांत’ एवढाच शब्द असतो. हा शब्द खोटा असतोच असे नाही, पण तो अपुरा आहे. तीच मोटर सपाट रस्त्यावर ऐकूही येत नाही आणि चढावर घरघरू लागते. तीच मोटर एका सायकलवर गप्प असते आणि दुसरीवर गुणगुणते. त्यामुळे ‘किती आवाज’ या प्रश्नाचे उपयोगी उत्तर एका आकड्यात मिळत नाही. कोणता आवाज, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या कानाला, अशा तीन अंगांनी ते शोधावे लागते.

आकड्यांची अडचण आधी पाहू. डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढणारी नाही. आवाजाची शक्ती दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. शांत खोलीतली पातळी सुमारे ३० डेसिबल, तर समोरासमोरचे नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, म्हणून मोजमाप किती अंतरावरून घेतले हे सांगितल्याशिवाय ‘मोटरचा आवाज ५० डेसिबल’ या विधानाला फारसा अर्थ उरत नाही. मोजताना मोटरवर भार होता की चाक हवेत उचलून फिरवले होते, हेही माहीत असावे लागते.

त्यातही आपला कान सगळे सूर सारख्या न्यायाने ऐकत नाही. साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो आणि खालच्या, खर्जातल्या आवाजांना बराच माफ करतो. शिवाय वाऱ्याचा किंवा टायरचा आवाज सगळ्या वारंवारतांत पसरलेला असल्यामुळे तो मागे पडतो, पण एकाच सुरात चिकटून राहणारा बारीक आवाज पातळीने कमी असूनही लक्ष वेधून घेतो. सायकलच्या मोटरचा आवाज बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो आणि वेगाबरोबर त्याचा सूर वर-खाली सरकतो, त्यामुळे तो आणखीच लक्षात येतो. दोन मोटरी मोजयंत्रावर सारख्या ठरल्या तरी एकीचा त्रास व्हावा आणि दुसरीचा होऊ नये, यात म्हणूनच नवल नाही.

आवाज मुळात येतो कुठून

विजेच्या मोटरमध्ये स्फोट होत नाहीत, धूर बाहेर पडत नाही, आणि आजच्या बहुतेक संचांतील मोटरींत घासणारे कार्बनचे ब्रशही नसतात. तरीही आवाजाची तीन ठिकाणे उरतात. पहिले, चुंबक आणि तारेची वेटोळी यांच्यातील ओढाताण. दुसरे, दातेरी चक्रे असतील तर त्यांचे एकमेकांत गुंतणे. तिसरे, या दोन्हींतून निघालेली कंपने ज्यावर चढतात ते चाक आणि तो सांगाडा. या तिघांचे प्रमाण मोटरच्या प्रकारानुसार बदलते.

चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या हब मोटरींचे दोन प्रकार आहेत. डायरेक्ट ड्राइव्ह मोटरीत गिअर नसतातच. बाहेरचे कवच आतल्या बाजूला चिकटवलेल्या चुंबकांसह चाकाबरोबर फिरते आणि वेटोळ्यांचा गाभा अक्षावर स्थिर राहतो. बेअरिंग सोडले तर एकमेकांना टेकणारे फिरते भाग यात नाहीत. त्यामुळे ती सर्वांत शांत असते ही ख्याती बरीचशी खरी आहे; पण ती निःशब्द असते असे मात्र नाही, आणि तिच्या गुणगुणण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

अनेक प्रचलित डायरेक्ट ड्राइव्ह मोटरींत ४६ चुंबक, म्हणजे ध्रुवांच्या २३ जोड्या असतात. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर धरला, तर ताशी २५ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ३.३५ फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत विजेचे २३ आवर्त पूर्ण होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७. साध्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक आवर्तात प्रवाह सहा वेळा एका वेटोळ्यातून दुसऱ्यात ढकलला जातो, आणि अशा प्रत्येक बदलीला मोटरच्या जोरात एक छोटासा हिसका बसतो. ७७ ला ६ ने गुणले की सुमारे ४६० हर्ट्झ येतात. हा सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात बसतो आणि सहज ऐकू येतो. वेग निम्मा केला की तो २३० हर्ट्झवर उतरतो. थांब्यावरून निघताना तो अगदी खालून सुरू होऊन वर चढत जातो. विजेच्या वाहनांची ती ओळखीची चढती ‘ऊंऽऽ’ याच गणितातून येते.

मोटर बंद असताना सायकल नुसती पायाने चालवली, तरी चुंबक वेटोळ्यांच्या लोखंडी दात्यांवरून सरकत असतात, त्यामुळे डायरेक्ट ड्राइव्हमध्ये किंचित ओढ जाणवते आणि फार शांत जागी पुसटशी गुणगुण कानावर पडते. ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत भरण्याची सोय असेल, तर त्या वेळीही वेग धरतानासारखाच, फक्त उतरता सूर निघतो.

गिअर्ड हब मोटरीचा मामला वेगळा आहे. तिच्या आतील मोटर लहान असते आणि चाकाच्या साधारण पाचपट वेगाने फिरते. हा वेग कमी करून जोर वाढवण्याचे काम मध्यचक्र, त्याभोवतीची तीन ग्रहचक्रे आणि बाहेरचे आतून दाते असलेले कडे करते. मध्यचक्राला १८ आणि कड्याला ९० दाते आहेत असे धरले, तर तीच ताशी २५ किलोमीटरची चाल सेकंदाला सुमारे ३०० वेळा दाताला दात भिडवते. म्हणजे मूळ सूर ३०० हर्ट्झचा झाला, पण दात भिडण्याची क्रिया गुळगुळीत नसल्यामुळे त्याच्या दुपटीचे, तिपटीचे आणि त्याहून वरचे सूरही सोबत निघतात आणि कानाच्या तीक्ष्ण पट्ट्यात शिरतात. शिवाय आतली मोटर पाचपट वेगाने फिरत असल्यामुळे विजेच्या हिसक्यांचा सूरही वर सरकतो: ध्रुवांच्या १० जोड्या असल्या तर तो याच वेगाला १००० हर्ट्झच्या आसपास पोहोचतो. डायरेक्ट ड्राइव्हच्या खर्जाशेजारी गिअर्ड हबचा आवाज ‘कुईं’ किंवा शिळेकडे झुकणारा का वाटतो, हे यावरून कळते.

ग्रहचक्रांचे दाते बहुधा नायलॉनचे करतात, आणि त्यामागे आवाज हेच एक मोठे कारण आहे. नायलॉन किंचित दबते, दाताला दात भिडण्याचा ठोसा शोषते आणि कंपने पुढे जाऊ देत नाही. पोलादी चक्रे जास्त टिकतील म्हणून ती बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. टिकाऊपणाबद्दल तो बरोबरही असेल, पण त्याची किंमत कानांना मोजावी लागते आणि ती लहान नसते. रोजच्या वापरासाठी मी तरी नायलॉनच्याच बाजूने आहे. ते झिजले की बदलता येते, आणि मोठ्या बिघाडाच्या वेळी ते आधी तुटून बाकीच्या भागांना वाचवते.

दात्यांचा आकारही फरक पाडतो. सरळ कापलेला दात समोरच्या दाताला संपूर्ण लांबीभर एकदम भिडतो, तर तिरका कापलेला दात एका टोकाकडून हळूहळू भिडत जातो, त्यामुळे ठोसा पसरतो आणि आवाज लक्षणीय उतरतो. बाफांग या कंपनीची लहान जी३१० मोटर अशा तिरक्या दात्यांची आहे आणि गिअर असूनही ती शांत मोटरींत गणली जाते. गिअर आहेत म्हणजे आवाज असणारच, ही समजूत त्यामुळे सरसकट धरू नये. दाते कसे कापले आहेत हे विचारावे.

गिअर्ड हबचा एक फायदा आवाजाच्या बाजूनेही मोठा आहे. तिच्यात एकदिशा क्लच असतो, त्यामुळे मोटर बंद केली की आतली मोटर आणि चक्रे थांबतात आणि फक्त कवच फिरत राहते. मदत न घेता सायकल चालवताना ती खरोखरच गप्प असते. अशा वेळी ऐकू येणारी टकटक बहुतेकदा मागच्या फ्रीव्हीलच्या खिट्ट्यांची असते आणि ती मोटरशिवायच्या सायकललाही असते.

पेडलजवळ बसणाऱ्या मोटरी

मिड-ड्राइव्ह संचात मोटर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या अक्षाच्या, जागी बसते आणि साखळीतून मागच्या चाकाला जोर देते. इथे आवाजाचा संबंध सायकलच्या वेगाशी राहत नाही, तर पायाच्या गतीशी जुळतो, आणि हा फरक रोजच्या वापरात फार महत्त्वाचा ठरतो. हब मोटरीचा सूर तुम्ही किती वेगाने जाता यावर ठरतो आणि त्यावर तुमचा फारसा ताबा नसतो; मिड-ड्राइव्हमध्ये मागचा गिअर बदलून तोच वेग कमी किंवा जास्त पायगतीने, म्हणजे खालच्या किंवा वरच्या सुरात, काढता येतो.

या मोटरींतील वेग कमी करण्याचे प्रमाण मोठे असते. बाफांगच्या बीबीएस०२ मध्ये ते सुमारे २२ पट आहे, तर टाँगशेंगच्या टीएसडीझेड२ मध्ये सुमारे ४२ पट. मिनिटाला ८० फेऱ्या अशी नेहमीची पायगती धरली, तर पहिलीतील मोटर मिनिटाला साधारण १७५० फेऱ्या मारते आणि दुसरीतील ३३०० च्या वर. दुसरीचा आवाज अधिक उंच सुरातला वाटतो याचे निम्मे उत्तर या आकड्यांतच आहे. दोन्हींत सर्वांत वेगाने फिरणाऱ्या टप्प्यावर नायलॉनचे चक्र असते. टीएसडीझेड२ मधील हे चक्र जास्त भाराखाली झिजते म्हणून काही जण त्या जागी पितळी चक्र बसवतात; ते टिकते, पण शीळ घालू लागते.

मिड-ड्राइव्हच्या आवाजात आणखी दोन गोष्टी मिसळतात. मोटर पायांच्या मधोमध, फ्रेमच्या सर्वांत जाड आणि पोकळ नळ्यांच्या सांध्यावर बसत असल्यामुळे तिची कंपने फ्रेममधून सीट आणि हँडलपर्यंत पोहोचतात. रस्त्यावरच्या माणसापेक्षा चालवणाऱ्याला ती जास्त जाणवतात. दुसरी गोष्ट साखळीची. पायाच्या जोराच्या वर मोटरचा जोर साखळीवर पडतो, त्यामुळे कोरडी किंवा तिरकी धावणारी साखळी आधी खपून जात असेल तर आता कुरकुरते, आणि मोटर जोरात असताना गिअर बदलला तर चक्क कडाडते. तो आवाज सहन करण्याचा विषय नाही. गिअर बदलताना क्षणभर मोटरचा जोर तोडणारा सेन्सर लावणे किंवा पेडल सैल सोडून गिअर टाकणे हाच त्यावर उपाय आहे.

टायरवर रूळ घासून चालणाऱ्या मोटरीही मिळतात. त्या हलक्या असतात आणि बसवायला सोप्या असतात, पण लहान रुळामुळे मोटरला फार वेगाने फिरावे लागते आणि रबरावर रूळ घासण्याचा आवाज त्यात मिळतो. शांतता हा निकष असेल तर हा पर्याय सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

कंट्रोलरचा हात

मोटर तीच ठेवून केवळ कंट्रोलर बदलल्याने आवाज किती उतरू शकतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आधी सांगितलेला सहा हिसक्यांचा खेळ ‘स्क्वेअर वेव्ह’ म्हणवणाऱ्या साध्या कंट्रोलरचा आहे. तो तीन वेटोळ्यांपैकी एका वेळी दोहोंतच प्रवाह सोडतो आणि एका जोडीवरून दुसरीवर झटक्याने उडी घेतो. ‘साइन वेव्ह’ कंट्रोलर तिन्ही वेटोळ्यांतील प्रवाह लाटेसारखा चढवत-उतरवत नेतो, त्यामुळे हिसके जवळजवळ विरून जातात. ‘एफओसी’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्याच्याही पुढे जाऊन चुंबक कुठे आहे याचा सतत अंदाज घेते आणि प्रवाहाची दिशा नेमकी जोर निर्माण होईल अशी ठेवते. ग्रिन टेक्नॉलॉजीजचा फेजरनर हा अशा कंट्रोलरचा एक नमुना आहे. मात्र एफओसी कंट्रोलरला मोटरचे गुणधर्म आधी ओळखून द्यावे लागतात, आणि ते चुकले तर उलट मोटर अडखळते, घुरघुरते.

हा बदल कुठे करावा याचा निकाल मोटरच्या प्रकारावर लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये विजेचा आवाज हाच मुख्य आवाज असल्यामुळे साइन वेव्हचा परिणाम थक्क करणारा असतो. हळू वेगात चढ चढताना जी मोटर गुरगुरत होती ती जवळजवळ ऐकू येईनाशी होते. गिअर्ड हबमध्ये विजेचा वाटा गेला तरी दात्यांचा वाटा तसाच उरतो. म्हणजे फरक पडतो, पण अर्धाच. झिजलेल्या गिअरच्या आवाजावर महागडा कंट्रोलर हे औषध नाही.

कंट्रोलर वीज सतत चालू-बंद करून तिचे प्रमाण सांभाळतो, आणि ही उघडझाप अनेक कंट्रोलरांत सेकंदाला सुमारे १६,००० ते २०,००० वेळा होते. माणसाच्या ऐकण्याची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असली तरी ती वयाबरोबर झपाट्याने खाली येते. एखाद्या मुलाला ‘सायकल शिट्टी वाजवते’ असे वाटावे आणि आजोबांना काहीच ऐकू येऊ नये, ही गोष्ट अगदी शक्य आहे. दोघेही खरे सांगत असतात.

तंबोऱ्याचा भोपळा

नुसती तार छेडली तर तिचा आवाज वीतभर अंतरावरही धड पोहोचत नाही. तिला भोपळा मिळाला की तीच तार खोली भरून टाकते. सायकलच्या बाबतीत चाक आणि फ्रेम हे काम करतात. हब मोटरीच्या दोन्ही बाजूंची सपाट झाकणे, ताणलेले स्पोक, आतून पोकळ असलेली रिम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद नळ्या या प्रत्येकाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. मोटरचा सूर वेगाबरोबर सरकत असताना या वारंवारतेवरून गेला की तेवढ्यापुरता आवाज एकदम फुगतो आणि वेग थोडा वाढला की ओसरतो. ‘ताशी १८ ला गुणगुणते, २२ ला गप्प होते’ अशा तक्रारीत मोटरचा दोष शोधत बसण्यात अर्थ नसतो. तीच मोटर दुसऱ्या फ्रेमवर वेगळ्या वेगाला बोलेल, किंवा बोलणारच नाही.

इथे उपाय जरूर आहेत, पण एक धोका आधी सांगितला पाहिजे. कंपने तोडण्यासाठी हब मोटरीच्या अक्षाच्या नटाखाली रबरी चकती घालण्याची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडते. ती कधीही अमलात आणू नये. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते तितक्याच जोराने अक्ष उलट्या दिशेला फिरू पाहतो, आणि त्याला धरून ठेवणारी पकड पूर्णपणे घट्ट, धातूला धातू टेकलेलीच असावी लागते. पकड सैल झाली तर अक्ष फ्रेमच्या खाचेत फिरतो, तारा पिळवटून तुटतात आणि पुढच्या चाकात मोटर असेल तर चाकच निसटू शकते. अक्ष अडवणारा टॉर्क आर्म आणि नीट आवळलेले नट ही सुरक्षेची गरज आहे. त्यांनी खुळखुळ थांबते हा वरचा लाभ.

त्याऐवजी लक्ष द्यावे ते सुट्या भागांकडे. मोटर बसवल्यावर सुरू झालेला आवाज मोटरचाच असतो, असे गृहीत धरल्यामुळे पुष्कळ वेळ वाया जातो. बॅटरीची पेटी तिच्या तळपट्टीत किंचित हलत असते, मडगार्डची पट्टी ठरावीक कंपनाला थरथरते, नळीला लागून जाणारी वायर टकटकते, आणि नव्या वजनामुळे स्टँड सैल होतो. बॅटरी काढून तोच रस्ता नुसत्या पायाने पार केला, तर यातले बरेच उलगडते. स्पोक सारखे ताणलेले नसतील तर जड हबखाली ते कुरकुरतात. हब मोटर बसवलेल्या चाकाचा ताण काही दिवसांनी पुन्हा तपासणे या कारणानेही योग्य ठरते.

प्रत्यक्ष रस्त्यावर

रोजच्या वापरात आवाज कधी जाणवतो, हे आता सांगता येते. सर्वांत मोठा क्षण निघतानाचा असतो. वेग जवळजवळ शून्य, मागणी पूर्ण जोराची, वेटोळ्यांत प्रवाह सर्वाधिक आणि वारा अजिबात नाही. त्यामुळे मोटर जे काही म्हणते ते सगळे ऐकू येते. दुसरा क्षण हळू वेगात चढ चढतानाचा, आणि कारण तेच. सपाट रस्त्यावर वेग धरल्यावर मोटरवरचा भार कमी होतो, दुसरीकडे कानांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो, आणि ताशी २५ किलोमीटरच्या आसपास चांगल्या डायरेक्ट ड्राइव्हची गुणगुण चालवणाऱ्याला बहुधा ऐकू येत नाही. गिअर्ड हबची शीळ वाऱ्यातूनही डोकावते, कारण तिचा सूर उंच असतो. जाड नक्षीचे टायर डांबरावर जो घरघराट करतात तो मात्र या दोन्हींना झाकून टाकतो. अशा टायरवर मोटरच्या शांततेसाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही.

रस्त्यावरच्या माणसाचा अनुभव याच्या उलट असतो. त्याच्या कानाशी वारा नसतो, पण तो मोटरपासून दूर असतो. दिवसाच्या रहदारीत त्याला काहीच ऐकू येत नाही, रात्री गल्ली निवांत असताना तोच आवाज दहा-पंधरा मीटरवरूनही कळतो. मोटर तीच असते, फक्त पार्श्वभूमी उतरलेली असते. पहाटे किंवा रात्री घराजवळ मदतीची पातळी एक-दोन पायऱ्या खाली ठेवणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

याच बाबीची दुसरी बाजू पादचाऱ्यांची. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा हळू वेगात आवाजच येत नाही म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक १३८ नुसार त्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढावा लागतो. सायकलींना हे नियमन लागू नाही, आणि असूही नये असे मला वाटते. पण शांत मोटर असलेल्या सायकलवर घंटी वाजवायची सवय साध्या सायकलपेक्षा जास्त लागते, कारण पाठमोऱ्या माणसाला इतक्या वेगाने सायकल येईल अशी अपेक्षा नसते.

घरच्या घरी तुलना करायची असेल तर मोबाइलवरचे आवाज मोजणारे अ‍ॅप चालते, फक्त त्याचा आकडा निरपेक्ष मानू नये. फोन एकाच जागी, एकाच अंतरावर, वाऱ्यापासून आडोशाला ठेवावा आणि सायकल समोरून तशाच वेगाने दोनदा न्यावी. ग्रीस भरण्याआधी आणि नंतर, किंवा जुन्या आणि नव्या कंट्रोलरवर. चाक उचलून मोटर हवेत पळवणे ही चुकीची कसोटी आहे, कारण भार नसताना दात सैलपणे आपटतात, मोटर रस्त्यावर कधीच गाठणार नाही इतका वेग घेते, आणि जो आवाज ऐकू येतो त्याचा रोजच्या वापराशी संबंध नसतो. खरेदीआधी चित्रफीत पाहून ठरवायचे असेल तर चढावर, भाराखाली घेतलेली शोधावी. त्यातही फोन फ्रेमला बांधून ध्वनिमुद्रण केले असेल तर कंपने थेट आत शिरून आवाज आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो.

आवाज बदलला तर

मोटर जन्मतः किती बोलते यापेक्षा तिचे बोलणे कधी बदलले, याकडे जास्त लक्ष द्यावे. नव्या गिअर्ड मोटरचा आवाज दाते एकमेकांना सरावले की बहुधा थोडा निवळतो, आणि थंडीत ग्रीस घट्ट झाल्यावर सुरुवातीची काही मिनिटे तो जड येतो. या दोन्हींची काळजी नको. पण हळूहळू चढत गेलेली खरखर ग्रीस संपल्याची खूण असते. हब उघडून दात्यांवर नायलॉनला चालणारे ग्रीस पातळ थरात लावले की फरक लगेच कळतो. वेटोळ्यांवर आणि सेन्सरवर ते सांडू देऊ नये. चाकाच्या गतीशी बांधलेली ठरावीक टकटक आली तर एखादा दात तुटला असावा किंवा एखादा चुंबक सुटून घासत असावा. दोन्ही बाबतींत सायकल चालवत राहिल्याने तुकडे आत फिरून नुकसान वाढते.

मोटर बंद करून चाक हाताने फिरवले तरी खरखर येत असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा, आणि फक्त मोटर चालू असतानाच येत असेल तर गिअर किंवा वीज यांपैकी एकावर. गिअर्ड हबमध्ये ही परीक्षा विशेष सोपी आहे, कारण पुढे फिरवताना क्लचमुळे आतली चक्रे थांबलेली असतात. चाक उलटे फिरवले की क्लच पकडतो आणि गिअरही बोलू लागतात. निघताना मोटर थरथरून घुरघुरत असेल आणि धक्का देऊन वेग दिल्यावर ठीक चालत असेल, तर चुंबकाची जागा सांगणारा हॉल सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर पाहावा. नवा कंट्रोलर जोडल्याबरोबर मोटर कर्कश ओरडत असेल, तापत असेल आणि नेहमीपेक्षा जास्त वीज खात असेल, तर तीन मुख्य तारा आणि सेन्सरच्या तारा यांचा क्रम जुळलेला नाही. अशा स्थितीत थ्रॉटल दाबून ‘सरावेल’ म्हणून वाट पाहिल्यास कंट्रोलर जळतो.

आणि एक आवाज असा आहे की तो ऐकल्यावर तिथल्या तिथे उतरावे: जोर देताना एक ठोका आणि जोर सोडताना किंवा ब्रेकमध्ये वीज परत भरताना दुसरा ठोका, असा अक्षाजवळून येणारा जोडठोका. अक्ष आपल्या खाचेत पुढे-मागे हलू लागल्याचा तो आवाज असतो. नट आवळून, टॉर्क आर्म तपासून आणि खाच पसरली नाही ना हे पाहूनच सायकलवर परत बसावे.